कुलदैवत आणि पॉइंट : मुंबईकर नवदांपत्याच्या पहिल्या प्रवासाचा इतिहास

लग्न उरकले, मांडव उतरला, भाड्याने आणलेली भांडी मोजून परत गेली आणि पाहुण्यांची शेवटची तुकडी व्हिक्टोरियात बसून बोरीबंदरच्या रोखाने रवाना झाली, म्हणजे गिरगावातील किंवा दादरमधील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कारभाऱ्याने वही उघडून कार्याचा जमाखर्च मांडावयास घ्यावा, असा शिरस्ता होता; आणि विसाव्या शतकाच्या मध्याला त्या जमाखर्चाच्या अखेरच्या पानावर, भटजींच्या दक्षिणेनंतर आणि आहेराच्या यादीच्या जरा वर, मुलगा व सूनबाई यांच्या प्रवासाचा खर्च म्हणून जी एक स्वतंत्र रक्कम पडू लागली, ती त्यांच्या आजोबांच्या वहीत शोधूनही सापडली नसती. या रकमेचा इतिहास विलायती अनुकरण म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. मुंबईकर मराठी जोडप्याच्या मधुचंद्राला दोन घराण्यांचे रक्त आहे: एक, कुलदैवताच्या दर्शनाला जाण्याची आपली जुनी वहिवाट, आणि दुसरे, इंग्रज अंमलदारांनी सह्याद्रीच्या माथ्यावर वसविलेल्या थंड हवेच्या ठाण्यांतील 'पॉइंट' पाहत हिंडण्याची रीत. सहलीत प्रेक्षणीय स्थळे किती पाहावीत आणि त्या मुलखातील माणसांत, त्यांच्या अन्नात व दिनक्रमात किती मिसळावे, हा जो प्रश्न आजचे नवदांपत्य प्रवासाची आखणी करताना एकमेकांना विचारते, तो मुळात याच दोन घराण्यांमधला जुना वाद आहे.

आजोबांच्या वहीत ती रक्कम नव्हती, याचे कारण त्यांच्या कंजूषपणात शोधू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील सुशिक्षित हिंदू घरांतूनही नवरी आठ-दहा वर्षांची आणि नवरा शाळकरी असे. विवाह हा दोन घराण्यांमधील करार असल्यामुळे ज्या दोघांच्या नावाने तो होई, त्यांच्या परस्परपरिचयाची निकड कोणासच वाटत नसे. नव्या नवरीच्या वाट्याला प्रवास येत नसत असे मात्र नाही. वरातीने सासरी जाणे, मांडवपरतणीला माहेरी येणे, पहिल्या आषाढात पुन्हा माहेरी राहणे, श्रावणात मंगळागौर पूजणे आणि पहिल्या दिवाळीला जावईबापूंसह दिवाळसणास जाणे, असा वर्षभराचा क्रम ठरलेला असे. परंतु या प्रत्येक खेपेस संगतीला पाठराखीण, दीर, मामा अथवा एखादी वडीलधारी आत्याबाई असावयाचीच, आणि नवराबायकोने एका डब्यात बसूनही एकमेकांशी चार शब्द उघडपणे बोलावेत हे शिष्टसंमत नसे.

ही स्थिती पालटण्यास प्रवासाच्या साधनांइतकेच न्यायालय व कायदेकौन्सिल कारणीभूत झाले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले आणि १८८४ साली त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात जो दावा दाखल झाला, तो १८८८ मध्ये तडजोडीने मिटेपर्यंत हिंदुस्थानात आणि इंग्लंडातही गाजत राहिला. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, आणि १९२९ साली मंजूर होऊन १९३० च्या १ एप्रिलपासून अमलात आलेल्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा व मुलाचे अठरा ठरविले. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. पण मुंबईच्या पांढरपेशा वस्तीत शाळा-कॉलेजच्या शिक्षणामुळे वधूचे वय कायद्याच्याही पुढे सरकत गेले, आणि लग्नाच्या दिवशीच जिचे बालपण संपलेले आहे अशी वधू घरात येऊ लागली. सरकारी नोकरीनेही याच दिशेने हातभार लावला. बदलीच्या हुकमाने एकत्र कुटुंबातून उठून परगावी दोघांचे बिऱ्हाड थाटणे, ही त्या काळी नवराबायकोला मिळणारी एकांताची सर्वांत सन्माननीय सबब होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या फिरतीत रमाबाई बरोबर असत, आणि त्या मुक्कामांच्या हकीकती त्यांच्या आठवणींत नमूद आहेत. मधुचंद्राचा प्रवास रूढ होण्यापूर्वी फिरतीच्या प्रवासाने त्याची वाट मोकळी केली होती.

तथापि ज्या प्रवासाला घरातील कोणीही हरकत घेऊ शकत नव्हते, उलट जो न केल्यास काही अरिष्ट ओढवेल अशी भीती घातली जाई, तो कुलदैवताच्या दर्शनाचा. ज्यांचे कुलदैवत खंडोबा त्यांनी जेजुरीस जावे, अंबाबाईच्या भक्तांनी कोल्हापूर गाठावे, भवानीच्या भक्तांनी तुळजापूर. आणि दर्शन घेऊन घरी परतल्यावर सत्यनारायण अथवा जागरण-गोंधळ घालावा, मग लग्नकार्य पुरे झाले असे समजावे.

जेजुरीच्या गडावर आजही जो देखावा दिसतो तो जवळून पाहण्याजोगा आहे. बाशिंग नुकतेच उतरलेले, कपाळभर हळदीचा भंडारा फासलेला, नवे धोतर सावरत उभा राहिलेला नवरा पायथ्याशी क्षणभर घुटमळतो, मग सभोवतालच्या मंडळींच्या आग्रहाने शालू नेसलेल्या नवरीला दोन्ही हातांवर उचलतो आणि गडाच्या निदान पाच पायऱ्या तरी तसाच चढतो. ती लाजून पदराने तोंड झाकते, मामा-काका 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर करतात, कोणी मूठभर भंडारा उधळतो आणि पाचव्या-सातव्या पायरीवर धापा टाकत तो तिला खाली उतरवतो. घरी जिच्याशी चारचौघांत बोलणेही अमर्याद ठरले असते, तिला शेकडो लोकांसमक्ष उचलून घेण्याची परवानगी येथे साक्षात देव देतो. आपल्या समाजात नवपरिणीत जोडप्याच्या जवळिकीला सार्वजनिक मान्यता देणारा, विलायती वाऱ्याचा स्पर्शही नसलेला एवढा ठसठशीत विधी दुसरा क्वचितच असेल.

मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींना त्यांच्या कुलदैवतांनी निरनिराळ्या दिशांना पाठविले, ही गोष्ट या इतिहासात महत्त्वाची आहे. मुंबईच्या कोळीवाड्यांतील कोळी आणि दादर परिसरातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांपैकी अनेक नवदांपत्ये कार्ल्याच्या एकवीरेला जात; तिचे मंदिर प्राचीन बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी असल्यामुळे ओटी भरून मागे वळलेल्या जोडप्याला काहीएक बेत न करता त्या लेण्यातील स्तंभांची रांग आणि लाकडी कमानी पाहावयास मिळत. गिरगावातील सारस्वत घराण्यांची दैवते गोव्यात: मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याचा नागेश. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मच्छळाच्या भयाने साष्टीतून यांपैकी पहिली तीन दैवते फोंड्याच्या बाजूस हलविली गेली, तेव्हापासून ती तेथेच आहेत. मुंबईहून आगबोटीने पणजीस उतरून तेथून देवस्थान गाठावयाचे आणि मुक्काम देवळाच्या अग्रशाळेत करावयाचा, असा तो प्रवास. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केल्यावर हा मार्ग खुंटला आणि १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्यानंतर तो पुन्हा मोकळा झाला; मधल्या काळात लग्न झालेल्या कित्येकांनी राहिलेले दर्शन नंतर मुलाबाळांसह घेतले.

या यात्रांमध्ये हॉटेल नव्हते, स्थळांची यादी नव्हती आणि मार्गदर्शकही नव्हता. होता तो पुजारी, गुरव अथवा तीर्थोपाध्याय. त्याच्या ओसरीवर उतरावयाचे, त्याच्या घरच्या चुलीवर शिजलेले जेवावयाचे, त्याच्याकडून गावातील भांडणे, पाऊसपाणी आणि आपल्याच घराण्याच्या मागल्या पिढ्यांची हकीकत ऐकावयाची, असा तो मुक्काम असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या वंशावळी टिपलेल्या असतात. तेथे गेलेल्या नवऱ्याला पणजोबाचे हस्ताक्षर पाहावयास मिळे आणि त्याच पानावर नव्या सुनेचे नाव दाखल होई. सासरच्या घराण्यात तिची नोंद झाल्याचा तो पहिला लेखी पुरावा. स्थानिक अनुभव म्हणून आज ज्याची जाहिरात केली जाते, तो त्या काळी मागावा लागत नसे, कारण त्यावाचून रात्रीचा निवाराच मिळत नसे. मात्र या यात्रेची उणीवही मोठी होती. दहा-बारा माणसांचा लवाजमा, सोवळ्याओवळ्याचे निर्बंध आणि अभिषेकाची घाई यांत त्या दोघांना एकमेकांशी बोलावयास सवड कोठली? ज्यांच्यासाठी प्रवास निघाला, तेच त्यात सर्वांत परस्वाधीन असत.

दुसरे घराणे सह्याद्रीच्या माथ्यावरचे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली करार करून महाबळेश्वरचे पठार कंपनी सरकारच्या ताब्यात आणले आणि तेथे वसलेल्या पेठेस त्याच्या नावाने माल्कमपेठ म्हणू लागले. आजारी सोल्जरांना हवापालट आणि अंमलदारांना उन्हाळ्यात गारवा, हा मूळ हेतू. तेथे सिंगापूर-मलाक्याकडून आणलेले चिनी कैदी ठेवलेले होते आणि भाजीपाल्याच्या लागवडीत त्यांची मेहनत बरीच कामी आली. आपण ज्याला निसर्गरम्य म्हणून पाहावयास जातो, त्या गावाच्या बागाईतीत बंदिवानांचा घाम मुरलेला आहे. माथेरान त्यामानाने धाकटे: ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तेथे चढून गेला आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत वस्ती वाढली. दोन्ही ठिकाणी साहेबाने एकच व्यवस्था लावली: जेथून दरी किंवा सूर्यास्त चांगला दिसे, त्या प्रत्येक कड्याला एखाद्या गव्हर्नराचे, कर्नलचे अथवा मडमेचे नाव दिले आणि सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून तेथवर रपेट करावयाची वाट आखली. विल्सन, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, केट, आर्थर, लुईझा, शार्लट ही नावे आपल्या जिभेवर रुळली ती अशी. मुलूख पाहणे म्हणजे ठरावीक जागी उभे राहून, ठरावीक वेळी, ठरावीक दिशेला पाहणे, हा धडा मराठी प्रवाशाने तेथे गिरविला. आणि पॉइंट मोजण्याची जी सवय त्याला लागली ती अद्याप सुटलेली नाही.

हा मुलूख मुंबईकराच्या आवाक्यात आणला तो आगगाडीने. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग वर चढला आणि खंडाळा-लोणावळे मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आले. १९३० साली १ जूनला दख्खनची राणी धावू लागल्यावर तर सकाळ-संध्याकाळ मुंबई-पुणे करण्याची भाषा लोक बोलू लागले. माथेरानचा शेवटचा चढ मात्र डोली, घोडा अथवा स्वतःचे पाय यांवरच अवलंबून होता. ती अडचण एका मुंबईकर उद्योगपतीच्या घराण्याने दूर केली: सर आदमजी पीरभाई यांच्या द्रव्यबळावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेऊन १९०७ मध्ये नेरळ-माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू केला; त्यास सोळा लक्ष रुपये लागले.

नेरळच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत बसताना ट्रंक आत जाईल की नाही अशी शंका यावी, एवढे ते डबे आखूड. गाडी इतक्या संथपणे वळणे घेई की खिडकीतून हात काढून झुडपाचे पान तोडता यावे, आणि मागल्या डब्यातील माणसाला पुढच्या वळणावरचे इंजिन समोरून येताना दिसावे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी थांब्यांची नावे घेत सुमारे दोन तासांनी माथेरान येई. मध्ये या मार्गावरील एकुलता एक बोगदा लागतो, तो इतका तोकडा की त्याला 'वन किस टनेल' असे नाव पडले आहे. त्या नावाला हसणाऱ्या सहप्रवाशांमध्ये मान खाली घालून बसलेले एखादे गिरगावकर जोडपे हटकून असे. वर पोचल्यावर लाल माती, माकडे, घोडेवाले, बाजारपेठेतील चामड्याच्या चपला, मध आणि चिक्की. खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे आजही मज्जाव आहे.

परंतु गाडी होती, डोंगर होता, एवढ्याने रिवाज पडत नाही. त्यासाठी गरज लागते, आणि ती गरज चाळीने निर्माण केली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. चार मजल्यांच्या प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातील खासगी मालकांच्या वाड्यांत आणि चाळींत कोठे खोली दुहेरी असे, पण माणसेही त्या प्रमाणात अधिक. आईवडील, अविवाहित बहिणी, शिकणारे धाकटे भाऊ आणि गावाहून नोकरीच्या शोधार्थ आलेला चुलतभाऊ अशा आठ-नऊ माणसांच्या खोलीत नवी सून आली, म्हणजे पुरुषमंडळींनी वळकट्या उचलून गॅलरीत निजावयाचे, सासूबाईंनी शेजारच्या बिऱ्हाडी भजनाचे निमित्त काढावयाचे आणि मध्ये एका जुनेऱ्याचा पडदा लावून त्याला स्वतंत्र खोली मानावयाचे, ही तजवीज सर्वत्र होती. पडद्याला कान नसतात या समजुतीवर कित्येकांच्या संसाराचा आरंभ झाला. राजा ठाकूर यांचा १९७० चा 'मुंबईचा जावई' हा चित्रपट याच कोंडीवर उभा आहे. बासू चटर्जींनी १९७२ साली 'पिया का घर' या नावाने तो हिंदीत नेला. त्याआधी, १९६७ मध्ये, राजदत्त यांनी आपल्या पहिल्याच चित्रपटाला 'मधुचंद्र' असे नाव दिले, यावरून मराठी मध्यमवर्गात ही कल्पना तोवर किती रुजली होती हे दिसते. चाळीतल्या जोडप्याला दरी, धबधबा किंवा सूर्यास्त यांची ओढ नव्हती असे नाही. पण आतून कडी लावता येईल असे दार, हे त्याच्या लेखी पहिले प्रेक्षणीय स्थळ होते.

या प्रवासाची आखणी म्हणजे एक लहानसा राज्यकारभारच असे. सचिवालयातील कारकुनाने अथवा फोर्टातील पेढीच्या नोकराने रजेचा अर्ज करावा, हेडक्लार्कने 'लग्नाची रजा घेतलीत, आता ही कसली?' असे विचारून मंजुरी द्यावी. मग लॉजच्या व्यवस्थापकास जोडकार्ड टाकून खोली राखून ठेवावी आणि उत्तर येईतो जीव टांगणीला लागावा. सामानात ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, एक बॅटरी, वाटेसाठी दशम्या व लसणीची चटणी, आणि सासूबाईंनी परस्पर कोंबलेला लाडवांचा डबा. दिवस मोजकेच असत. वडीलधाऱ्यांसमोर केवळ हिंडण्यासाठी जातो असे म्हणण्याची छाती नसे, म्हणून कार्यक्रमाची मांडणी मुत्सद्देगिरीने करावी लागे. कार्ल्याला एकवीरेची ओटी भरावयाची आहे, असे जाहीर करून लोणावळ्याला दोन रात्री काढावयाच्या. कोल्हापूरच्या अंबाबाईचे नाव सांगून पन्हाळा पाहून यावयाचे. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचे स्नान करतो म्हणून निघावयाचे आणि मुक्काम मात्र तेथून थोडे अलीकडे, माल्कमपेठेत ठेवावयाचा. महाबळेश्वरच्या पठारावर तर ही दोन्ही घराणी एकमेकांच्या शेजारीच नांदतात: एकीकडे कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांच्या उगमाचे प्राचीन देऊळ, आणि दुसरीकडे साहेबाच्या नावाचे कडे. सकाळी देवळाच्या गारठलेल्या पाण्यात हात बुडवून, तेथल्या गुरवाकडे जेवून, दुपारी घोड्यावरून आर्थर सीटला जाणाऱ्या जोडप्याने आजच्या कोणत्याही सल्लागाराला न विचारता समतोल साधलेला असे. घरच्यांची सबब म्हणून घेतलेला देव त्यांना गावात नेत होता, आणि पॉइंट त्यांना गावाबाहेर एकांतात.

परळ-लालबागच्या गिरणगावात मात्र हा सगळा क्रम उलटा होता, आणि त्याची दखल घेतल्यावाचून मुंबईचा इतिहास पुरा होत नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार गावकीच्या खोलीत दहा-वीस गाववाल्यांबरोबर राही, पाळीपाळीने निजे आणि खानावळवालीकडे महिनेवारीने जेवे. त्याचे लग्न मे महिन्यात गावी होई. रजा संपली की तो भाऊच्या धक्क्यावर उतरून साच्यावर हजर होई आणि नवी नवरी सासूच्या हाताखाली शेतात राबत राही. तिच्या दृष्टीने प्रवासाचे ठिकाण होते ती मुंबईच. वर्षा-दोन वर्षांनी नवऱ्याने एखाद्या नातेवाइकाच्या खोलीत महिनाभराची सोय करून तिला 'मुंबई दाखवायला' आणावे, तिने हर्णै, जयगड अथवा विजयदुर्गच्या बंदरात पडावातून हेलकावे खात आगबोट गाठावी, आणि येथे आल्यावर रविवारच्या सुट्टीत राणीचा बाग, अपोलो बंदर, महालक्ष्मी, मुंबादेवी, चौपाटी, १९५१ नंतर तारापोरवाला मत्स्यालय आणि १९५२ नंतर मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट पाहावा. १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची ट्राम धावेपर्यंत ही सफर थोड्या पैशांत होत असे. रात्री लालबागच्या भारतमातामध्ये एखादा मराठी बोलपट, किंवा परळच्या दामोदर हॉलमध्ये गाववाल्यांचे नाटक. इतर सहा दिवस ती नळावरच्या रांगेत, शेजारणींच्या गप्पांत, भोंग्याच्या वेळा पाठ करण्यात आणि नवऱ्याचा डबा भरण्यात घालवी. स्थळदर्शन एक दिवस आणि वस्तीचा अनुभव सहा दिवस, असे हे प्रमाण कोणी ठरवून आखलेले नव्हते, परिस्थितीने लादलेले होते. पण महिन्याअखेर गावी परतलेल्या त्या बाईला मुंबई जेवढी कळलेली असे, तेवढे माथेरान आठ दिवस राहिलेल्या कारकुनाच्या पत्नीला बहुधा कळत नसे. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, गावकीच्या खोल्या रोडावल्या आणि ही रीतही लयास गेली.

पांढरपेशा वस्तीतील रीत मात्र त्याआधीपासूनच दूरवर पसरू लागली होती. साठीच्या दशकात रंगीत हिंदी चित्रपटांनी दाल सरोवर आणि शिकारे घराघरांत नेले आणि हिंदू कॉलनीतील तरुणाला लोणावळे अपुरे वाटू लागले. काश्मीरची वाट १९८९ नंतरच्या अशांततेने बिकट झाली, तेव्हा ओघ सिमला-मनाली, उटी आणि पुढे केरळकडे वळला. या लांबच्या प्रवासांत भाषा परकी, जेवण परके आणि तिकिटांचा व्याप मोठा. ही अडचण हेरून मराठी सहल-कंपन्या पुढे आल्या. थॉमस कुकची कचेरी मुंबईत १८८१ पासून होती, पण ती साहेबलोकांची आणि संस्थानिकांची. मराठी गृहस्थाला हाताशी धरून नेणारी माणसे हवी होती. केसरी पाटील यांनी १९८४ साली स्थापिलेल्या केसरी टूर्सने आणि त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ साली काढलेल्या वीणा वर्ल्डने नवविवाहितांसाठी खास सहली चालविल्या. एका बसमध्ये वीस-पंचवीस जोडपी, सर्वांच्या हातावरील मेंदी एकाच मुहूर्ताच्या आसपासची, आणि सर्वांना सकाळी आठ वाजता न्याहारीला हजर राहण्याची ताकीद, या चित्राची थट्टा पुष्कळ झाली. पण त्यामागील सोय डोळ्याआड करू नये: ज्यांनी आजवर एकट्याने रात्रीचा प्रवासही केलेला नाही अशा दोन जिवांना परमुलखात निर्धास्त वाटे, आणि अनेकांच्या आयुष्यभराच्या मैत्र्या त्या बसमध्ये जुळल्या. तोटा झाला तो एवढाच की कुलदैवताचे गाव या कार्यक्रमातून गळाले, त्याबरोबर गुरवाची ओसरीही गळाली आणि उरले ते केवळ पॉइंट. दर्शन घरच्यांसोबत एका दिवसात मोटारीने उरकावयाचे आणि मधुचंद्राला स्वतंत्र जावयाचे, अशी वाटणी झाली. दोन्ही घराणी विभक्त झाली.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या वाटणीविषयी असमाधान दिसू लागले आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि तारकर्ली, मालवण, गुहागर, दिवेआगर येथील कुटुंबांनी आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या करून 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' अशा पाट्या लावल्या. तेथे उतरलेले दादरचे जोडपे सकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहून येते आणि दुपारी यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात घावन कसे काढतात हे पाहत उभे राहते. ती बाई नव्या मुलीला बसावयास पाट देते, सासर-माहेर विचारते आणि जाताना ओटी भरते. यात नवीन काही नाही. पूर्वी देवाच्या नात्याने जे आतिथ्य मिळत असे, ते आता रोख पैसे मोजून मिळते, एवढाच फरक. आणि पैसे मोजल्यामुळे ते खोटे ठरते असेही मानण्याचे कारण नाही, कारण उपाध्यायालाही दक्षिणा द्यावी लागतच होती.

म्हणून आज जे दोघे लग्नाच्या धामधुमीतून वेळ काढून नकाशा पसरून बसले आहेत, त्यांनी आजी-पणजीच्या यात्रेतून घ्यावयाचे ते तिचे सोवळे किंवा लवाजमा नव्हे, तिची रचना. तिच्यात जाण्याचे एकच प्रयोजन असे आणि मुक्कामाचे एकच गाव असे. बाकी जे दिसेल ते वाटेवरचे. सहा दिवसांत चार शहरे गाठणाऱ्या कार्यक्रमात जोडप्याचा निम्मा वेळ सामान बांधण्यात आणि सोडण्यात जातो, आणि अशा धावपळीत ना गाव कळते ना जोडीदार. एका ठिकाणी निदान तीन रात्री राहावे, सकाळ एखाद्या किल्ल्याला, लेण्याला वा कड्याला द्यावी, दुपार त्या गावच्या बाजाराला व खानावळीला, आणि मधला एक दिवस कोणत्याही स्थळाच्या नावे न मांडता कोरा सोडावा. गिरगावच्या खोलीत पडदा लावून राहिलेल्या पिढीला एकांतासाठी दूर जावे लागले. स्वतंत्र सदनिकेत राहणाऱ्या आजच्या पिढीला एकांत घरीच आहे, तिला उणीव आहे ती परक्या माणसांच्या सहवासाची. गरज बदलली की आखणीही बदलावी. आणि ज्यांच्या घरात कुलदैवत अजून मानले जाते त्यांनी ते गाव एका दुपारच्या मोटारप्रवासात उरकून न टाकता मधुचंद्राच्या मुक्कामाचेच गाव करून पाहावे, कारण तेथे पोचण्याआधीच त्यांच्या आडनावाला ओळखणारे कोणीतरी बसलेले असते, आणि ही सोय कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.